रत्नागिरीत तीन मुक्काम, सोबत आई आणि दोन मुलं. काय ठेवू, काय सोडू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. जानेवारीत शुक्रवारी पहाटे निघून सोमवारी परत असं रत्नागिरीचं ठरतंय. आम्ही दोघं, आई (वय ७१, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला छान चालते पण पायऱ्या उतरताना त्रास होतो), मुलगी सहावीत आणि मुलगा पहिलीत. गाडी घरची आणि घाटात चालवणारा मी एकटाच.

आधी एकदा मे महिन्यात आलो होतो. तेव्हा एका दिवसात गणपतीपुळे, जयगड, हेदवी, वेळणेश्वर आणि गुहागर एवढं सगळं धरलं होतं. काय झालं असेल तुम्हीच समजा, आईला गाडी लागली, मुलं मागच्या सीटवर झोपून गेली आणि शेवटी समुद्रावर पोचलो तेव्हा काळोख पडला होता, नुसता आवाज ऐकून परत फिरलो. घरी आल्यावर आई म्हणाली, समुद्र बघितला असं वाटतच नाही रे. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून या वेळी आधी विचारून येतोय.

आत्ता कागदावर आहे ते असं: थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्ग, भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, हेदवीची बामणघळ, पावस, पूर्णगड, कशेळी, आणि जमलं तर राजापूरचं धूतपापेश्वराचं देऊळ. यातलं काय सोडू? मुक्काम गणपतीपुळ्याला करू की रत्नागिरीत? मुलांना पाण्यात खेळायचंय, ते कुठे आणि कधी सुरक्षित? आईची इच्छा एकच, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी निवांत बसायचं. आणि आम्हा बाकीच्यांना मासे.

भाट्येकर (रत्नागिरी)

कागदावर एवढं काढून आलात तर परत मे महिन्यासारखंच होणार. आधी मुक्काम सांगतो, तिन्ही रात्री रत्नागिरी शहरातच, बॅगा एकदाच उघडायच्या आणि एकदाच भरायच्या. गणपतीपुळं इथून आरे-वारे मार्गे पंचवीसएक किलोमीटर आहे, तिथे राहायची गरज नाही. शिवाय मासे शहरात.

आता मुख्य गोष्ट. लोक इकडे येताना नकाशा बघून ठिकाणं जोडत जातात, आणि समुद्राला स्वतःचं घड्याळ आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. एकच किनारा सकाळी वेगळा असतो आणि दुपारी वेगळा. त्यामुळे आधी भरती-ओहोटी बघा आणि मग दिवस लावा. आमच्याकडे त्याचा जुना हिशेब आहे, जी तिथी असेल तिला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. तीच वेळ सकाळी आणि साधारण तीच संध्याकाळी, कारण दिवसातून दोनदा भरती येते, आणि दोन भरत्यांच्या मध्ये सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं, पण सहलीचा आराखडा करायला एवढा हिशेब पुरतो.

मुलांना पाण्यात न्यायचं ते भरती चढत असताना, म्हणजे पूर्ण ओहोटी होऊन तासभर गेल्यावर. ओहोटी लागलेली असताना पाणी आत ओढतं, तेव्हा नाही. आणि गणपतीपुळ्याला कुठल्याच वेळी नाही. तिथे किनारा एकदम खोल होतो आणि ओढ फार आहे, दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी त्या किनाऱ्यावरून वाईट बातमी जाते. पाय भिजवा, त्याच्या पुढे जाऊ नका. इथे राहणारा माणूस म्हणून हात जोडून सांगतोय.

तुमच्या तारखांच्या तिथ्या कळवा, मग दिवस लावून देतो.

कृष्णाकाठ

दादा, हे खरंच माहीत नव्हतं. कालनिर्णय बघितलं, शुक्रवार पौष शुद्ध नवमी, शनिवार दशमी, रविवार एकादशी, सोमवार द्वादशी. मी मोबाईलवर गुणाकार करत होतो तर आई आतून म्हणाली, अरे ही तर पाऊणकी, पाऊणपटीचा पाढा! त्यांना शाळेत पाठ करून घेतलेली, पावकी निमकी पाऊणकी सगळं. नऊ पाऊण पावणेसात, दाहे पाऊण साडेसात, अकरा पाऊण सव्वाआठ असं तिने धडाधड म्हणून दाखवलं आणि नातीला जवळ बसवून शिकवायलाच घेतलं. म्हणजे दशमीला भरती सकाळी साडेसात आणि रात्री आठच्या आसपास, मधली ओहोटी पावणेदोनला. म्हणजे तीन ते साडेपाच मुलांचं पाणी. बरोबर का?

भाट्येकर

अगदी बरोबर, आणि आईंना नमस्कार सांगा.

शुक्रवारी पोचून जेवलात की थिबा पॅलेस करून टाका, सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं म्हणून तो शेवटच्या दिवसावर ठेवू नका. ब्रह्मदेशचा थिबा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि इतक्या लांब आणून ठेवला. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं काढली आणि त्यातली जेमतेम सहा या वाड्यात. मुलांना खिडक्यांवरचं लाकडी काम दाखवा, आणि मागच्या बाजूला उभं राहून खाली भाट्याची खाडी बघा. मला लहानपणी शाळेच्या सहलीत काहीच कळलं नव्हतं, मोठेपणी तिथे उभा राहिलो तेव्हा वाटलं की हा माणूस रोज हे पाणी बघत असणार आणि हेच पाणी आपल्या मुलखापर्यंत जातं हे त्याला माहीत असणार. मुलगी सहावीत आहे, तिला हे सांगून बघा, कळेल तिला.

मग साडेतीन-चारला भाट्याच्या किनाऱ्यावर. आईंना सुरूच्या बनात सावलीला बसता येतं, वाळू सपाट आणि घट्ट, पायऱ्या नाहीत. टोकाला झरी विनायक आहे, तिथपर्यंत गाडी जाते.

रत्नदुर्गला भगवतीच्या देवळापर्यंत आई जातील, तिथून पुढे तटावर तुम्ही मुलांना घेऊन जा. वेळ कमी पडला तर खुशाल सोडा. जयगडही सोडा. राजापूर तर सोडाच, त्याला स्वतःचा एक दिवस द्यावा लागतो.

हेदवी मात्र माझ्या मते ठेवा. दशमीला भरती सकाळी आहे, पहाटे निघून जयगडच्या फेरी बोटीने गाडीसकट तवसाळला उतरायचं आणि बामणघळ बघून यायचं.

व्याडेश्वराची लेक (गुहागर)

भाट्येकर दादा, तुमचं बाकी सगळं पटलं पण हेदवीचं नाही. तुम्ही भरतीची वेळ बघितलीत पण भरती कुठली ते बघितलं नाहीत. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी ना नीट चढत ना नीट उतरत. बामणघळ म्हणजे खडकात पडलेली अरुंद चीर, लाट तिच्यात घुसली की कोंडते आणि वर उसळते, पण त्याला उधाण लागतं, म्हणजे पुनवेनंतरचे आणि अवसेनंतरचे दोन-तीन दिवस. नवमी-दशमीला पहाटे पाचला उठवून आईंना इतक्या लांब आणायचं आणि घळीत नुसतं पाणी हलताना दाखवायचं, हे नको. माझ्याकडे पाहुणे असेच नाराज होऊन गेलेत आणि वाईट आम्हालाच वाटतं.

हेदवीचा दशभुज गणपती सुंदर आहे, त्यासाठी कधीही या, पण मग दोन दिवस गुहागरला राहायला या. आमचा किनारा लांबच्या लांब आहे, व्याडेश्वराच्या देवळातून चालत समुद्रावर जाता येतं. फेरी बोटीत मुलांना मजा येते हे खरं, गाडीसकट बोटीत चढायचं म्हणजे त्यांना सणच, पण तेवढ्यासाठी दिवस घालवू नका. या वेळी दक्षिणेकडे जा, पावस-पूर्णगड-कशेळी. भांगाच्या दिवसात समुद्र जरा मवाळ असतो, त्याचा फायदा घ्या.

भाट्येकर

ताई बरोबर बोलतायत. मी भरतीच्या वेळेतच अडकलो, भांगाचा विचार केलाच नाही. हेदवी काढा.

मग शनिवारी असं करा, सकाळी लवकर निघून साखरतर, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे असं किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळं. साडेआठच्या आत पोचलात तर शनिवारची गर्दी व्हायच्या आधी दर्शन होतं. प्रदक्षिणा पूर्ण डोंगराला आहे, किलोमीटरभर, कारण तो डोंगरच गणपती मानतात. वाट बांधलेली आहे पण चढउतार आहे, आईंनी ठरवावं. तिथून मालगुंड जवळच, केशवसुतांचं घर, शेणाने सारवलेलं, मागे त्यांच्या कवितांच्या ओळी कोरलेल्या आहेत. आईंना तिथे मोठ्याने वाचायला सांगा. दुपारी जेवून तीनच्या सुमाराला आरे-वारेला परत. वरच्या वळणावर गाडी थांबवून दोन्ही किनारे एकदम बघा, मग खाली उतरा. मुलं गुडघाभर पाण्यात, आणि तुमच्यापैकी एक जण त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला उभा, वाळूकडच्या नाही.

सड्यावरचा (लांजा)

कशेळी ठेवताय म्हणून मुद्दाम लिहितोय. नुसतं कनकादित्याचं देऊळ बघून परत फिरू नका, तिथल्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्प आहे. जांभ्या दगडात कोरलेला हत्ती, साधारण १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी चित्रं. कोणी कोरली, कशासाठी, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही, हजारो वर्षांपूर्वीची आहेत एवढंच. गुराख्यांना आणि गावातल्या म्हाताऱ्यांना ही चित्रं माहीत होती पण बाहेर कुणाला पत्ता नव्हता, रत्नागिरीच्याच सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे या मंडळींनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ती उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, पण आजही शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला विचारलं तर कुठे आहे ते सांगता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

वेळ महत्त्वाची. भरदुपारी गेलात तर काहीच दिसत नाही, ऊन डोक्यावर असलं की रेषांची सावली पडत नाही आणि सगळा कातळ सपाट दिसतो. सकाळी आठ-साडेआठला तिरपं ऊन असतं तेव्हा हत्ती उठून दिसतो. म्हणून रविवारी उलट्या क्रमाने जा, पावसला न थांबता आधी कशेळी गाठा आणि येताना बाकीचं करत या. गावात विचारा, कुणीतरी सोबत येतं, त्याला पैसे द्या. शिल्पावर पाय ठेवायचा नाही. फोटोत उठून दिसावं म्हणून रेषेत खडू, रांगोळी, पाणी काही भरायचं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा.

तिथून कनकादित्य. सूर्याची देवळं आपल्याकडे फार थोडी, त्यातलं हे. अशी कथा सांगतात की सौराष्ट्रातून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, नावाड्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली, मग कनका नावाच्या भक्त बाईला दृष्टांत झाला आणि तिच्या नावावरून देव कनकादित्य झाला. ती घळ म्हणजे देवघळी, देवळापासून जवळच आहे. वरूनच बघा, खाली उतरायची वाट आईंच्या गुडघ्याची नाही.

माहेरवाशीण (रत्नागिरी, हल्ली पुणे)

मी माझ्या आईला घेऊन दरवर्षी पावसला जाते, तिचेही दोन्ही गुडघे गेलेत, म्हणून लिहिते. दादा, रविवारी एकादशी आहे हे आईंचा उपास असेल तर ध्यानात ठेवा. पावसला दुपारी प्रसाद असतो, तुम्ही चौघं घ्या, पण आईंसाठी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी डब्यात न्या. वाटेत उपासाचं मिळेल या भरवशावर राहू नका, आम्ही एकदा राहिलो होतो आणि आईने दिवसभर दोन केळ्यांवर काढला.

स्वामी स्वरूपानंद १९७४ मध्ये गेले, समाधीमंदिरात आजही कुणी मोठ्याने बोलत नाही. ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगात आणली, ती अभंग ज्ञानेश्वरी तिथे पुस्तकरूपात मिळते, आई वाचत असतील तर त्यांना घेऊन द्या. बसायला गार फरशी आणि शांतता. तिथे तुमच्या आईंना तास-दीड तास एकटीला बसू दे. तेवढ्यात तुम्ही मुलांना घेऊन पूर्णगड करा, गाव जवळच आहे, किल्ला अगदी छोटा, गावातून दहा मिनिटांचा चढ. समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर आलं की मुचकुंदी नदी समुद्राला मिळताना दिसते. पलीकडे गावखडीचा किनारा, तिथे कासवं अंडी घालायला येतात. जानेवारीत पिल्लं बघायला मिळतील असं धरू नका, तो हंगाम फेब्रुवारीपासून पुढे. पण मुलांना सांगा की या वाळूखाली अंडी आहेत, नीट चाला. आमच्या घरात अजून तसंच सांगतात.

आणि जेवणाचं म्हणाल तर घावणे, कुळथाचं पिठलं-भात हे मागून खा. आईंना शनिवारी गणपतीपुळ्याला उकडीचे मोदक. मासे खायचे तर मिरकरवाडा बंदरावर होड्या लागतात ते मुलांना एकदा दाखवा, वास सहन झाला तर. बांगडा ताजा असेल तर सुरमईच्या मागे लागू नका.

घाटरस्ता (मलकापूर)

फक्त रस्त्याचं सांगतो. आंबा घाट दिवसा उतरा आणि दिवसा चढा. जानेवारीत पहाटे धुकं असतं, आईंना गाडी लागते म्हणताय तर मलकापूरला थांबून थोडं काही खाऊ घाला, रिकाम्या पोटी घाट उतरू नका, त्यांना पुढे बसवा. सोमवारी दुपारी जेवून एकपर्यंत रत्नागिरी सोडलीत तर उजेडात घाट पार होतो. साखरप्यापर्यंत घाई करायचं काही कारण नाही.

कृष्णाकाठ

कालच परत आलो. सगळ्यांनी एवढ्या आपुलकीने लिहिलंत म्हणून आधी इथे सांगायला आलो.

तेरा ठिकाणं होती त्यातली आठच केली, रत्नदुर्ग आणि टिळकांचं जन्मस्थान राहिलं. शुक्रवारी भाट्याला मुलीने वाळूत काठी रोवली, आजीच्या पाऊणकीप्रमाणे पाणी किती वाजता कुठे येतं ते बघायला. अंधार पडल्यावर परत यायला लागलं म्हणून पूर्ण भरती बघता आली नाही, मग शनिवारी तिने आरे-वारेला ओहोटीची वेळ धरली. हिशेबाने पावणेदोन येत होती आणि आम्ही तीनला पोचलो तेव्हा पाणी वर सरकायला लागलेलं होतं. तिने ते वहीत लिहून ठेवलंय. मी समुद्राकडच्या बाजूला उभा राहिलो, दादा.

कशेळीला आठ वाजून वीस मिनिटांनी सड्यावर होतो. पहिली दोन मिनिटं काहीच कळेना, मग सोबत आलेल्या काकांनी सोंडेची रेष हवेत बोट फिरवून दाखवली आणि एकदम पूर्ण हत्ती दिसला. मुलगा ओरडलाच. त्याने एकही पाय रेषेवर ठेवला नाही, कडेकडेने फिरून आतले मासे मोजत होता. आई दगडावर रुमाल टाकून बसली होती, म्हणाली ज्याने कोरलं त्यालाही गुडघे टेकूनच बसावं लागलं असणार.

पावसला तिला सोडून आम्ही पूर्णगडला गेलो, दीड तासाने आलो तर ती तशीच बसलेली, डोळे मिटून. आम्ही बाहेर पायरीवर थांबलो, उठवलं नाही. डबा तिने गाडीत खाल्ला. अभंग ज्ञानेश्वरी घेतली, काल रात्री पहिला अध्याय सुरू झाला.

रविवारी संध्याकाळी परत भाट्याला गेलो, ते कागदावर नव्हतं, आईच म्हणाली अजून एकदा जाऊ. पाणी चढत होतं आणि वर एकादशीचा चंद्र होता. साडेसातपर्यंत बसलो. कुणी काही बोलत नव्हतं.

व्याडेश्वराची लेक ताई, एक विचारायचंय. माघी पौर्णिमेनंतर दोन दिवस सुट्टी मिळतेय. वद्य द्वितीयेला हेदवीला आलो तर घळीत पाणी उडेल ना? आईने हिशेब करून ठेवलाय, दोन पाऊण दीड.

व्याडेश्वराची लेक

उडेल. पण दीडची वाट बघू नका, साडेबारालाच येऊन बसा, पुनवेच्या लगेच नंतर हिशेबापेक्षा भरती थोडी आधी होते. उमामहेश्वराच्या देवळापर्यंत सपाट आहे, आई तिथे सावलीला बसतील. पुढे खडकावरून जावं लागतं, घसरडं आहे, मुलांचा हात सोडू नका आणि घळीच्या तोंडाशी उभं राहू नका, लाट सांगून येत नाही. आदल्या रात्री गुहागरला मुक्काम करा आणि निघायच्या दोन दिवस आधी इथे लिहा, समुद्र कसा आहे ते मी बघून सांगते.